जॅझ तालवृंदाच्या लाइव्ह एलपी : कोणत्या घ्याव्यात, आणि कोकणच्या हवेत टिकवाव्यात कशा?

खाडीकाठ
जॅझच्या बहुतेक रेकॉर्डांवर ड्रमर मागे असतो. बाकीच्यांचं वाजवून झालं की त्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. मला उलटा मामला हवा आहे: तालवाद्यंच पुढे, वादक एकाहून जास्त, आणि ध्वनिमुद्रण श्रोत्यांसमोरचं. टाळ्या नंतर चिकटवलेल्या नकोत.

सध्या दोन प्रतींवर अडलोय. दोन्ही 'ग्रेच ड्रम नाइट ॲट बर्डलँड'च्या. एक रूलेट कंपनीची त्या काळातली मोनो. विकणारा 'व्हीजी' (व्हेरी गुड, म्हणजे वापराच्या खुणा असलेली) म्हणतोय आणि कव्हरवर ओलीचा डाग आहे. दुसरी बऱ्याच नंतरची आवृत्ती, 'निअर मिंट' (जवळपास नवी). पहिलीची किंमत दुसरीच्या चौपट. कोणती घ्यावी?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. घर देवगडकडे, खाडीला लागून, भिंती चिऱ्याच्या. जून ते सप्टेंबर तळलेला पापड ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो. अशा हवेत एलपी ठेवायच्या कशा? टर्नटेबल साधं बेल्टचं, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई.

डेडवॅक्स
आधी यादी, मग तुमच्या दोन प्रती.

तुम्ही धरलेली रेकॉर्ड बरोबरच आहे. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात २५ एप्रिल १९६० ला ती मुद्रित झाली. आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स, एल्विन जोन्स आणि चार्ली पर्सिप हे चार ड्रमर एका मंचावर. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर रॉन कार्टर. पुढे दुसरा भागही निघाला.

त्याआधीची म्हणजे जीन क्रूपा आणि बडी रिच यांची 'ड्रम बॅटल'. कार्नेगी हॉल, सप्टेंबर १९५२, पण एलपी व्हर्वने काढली १९६० साली. मुद्रण मोनोच आहे, तेव्हा कव्हरवर 'स्टिरिओ' दिसलं तर भुलू नका. आणि तालवृंदाचा भाग थोडा, बाकी नेहमीचा जॅझ.

खरी दुर्मिळ म्हणाल तर मिलफर्ड ग्रेव्ह्ज आणि अँड्र्यू सिरिल यांची 'डायलॉग ऑफ द ड्रम्स'. १९७४, कोलंबिया विद्यापीठातला कार्यक्रम, दोघांच्या स्वतःच्या आयपीएस या लेबलवर. माणसं दोनच, पण वाद्यांचा पसारा वृंदाएवढा. साथीला ना पियानो ना बास.

सुकाबांगडा
चार ड्रमर एका मंचावर? आमच्याकडे शिमग्याक प्रत्येक वाडीत असतत. रेकॉर्ड मात्र कोणी काढूक नाय.

तिरफळ
डेडवॅक्स, ब्लेकीचं 'ऑर्जी इन ऱ्हिदम' कसं विसरलात? दोन भाग, ब्लू नोट १५५४ आणि १५५५. तालवृंद म्हटला की पहिलं नाव तेच. आणि मॅक्स रोचचा एम'बूम हा वृंद?

डेडवॅक्स
विसरलो नाही, गाळलं. धागा लाइव्हचा आहे. 'ऑर्जी' ७ मार्च १९५७ ला मॅनहॅटन टॉवर्समध्ये मुद्रित झालं, समोर श्रोते नव्हते. पुढच्या वर्षीचं 'हॉलिडे फॉर स्किन्स' तसंच. मात्र दोन्ही मोठ्या खोलीत सगळ्यांनी एकत्र वाजवलेलं आहे, एकावर एक थर चढवलेले नाहीत. 'ऑर्जी'त ब्लेकी, जो जोन्स, आर्ट टेलर, स्पेक्स राइट हे चार ड्रमर आणि साबू मार्टिनेझच्या बाजूची सगळी लॅटिन तालवादक मंडळी. लाइव्हचा आग्रह अर्धा इंच सैल केला तर दोन्ही घ्यावीत.

एम'बूम १९७० मध्ये सुरू झाला. स्ट्राटा-ईस्टवरची पहिली एलपी, कोलंबियावरची १९७९ ची, सोल नोटवरची 'कोलाज', तिन्ही स्टुडिओतल्या. त्यांची 'लाइव्ह ॲट एसओबीज' १९९२ ची, म्हणजे सीडीच्या जमान्यातली. तिच्यासाठी एलपीच्या खोक्यांत बोटं काळी करण्यात अर्थ नाही.

कोकमसार
एम'बूम ऐकताना एक लक्षात घ्या. तो ढोलांचा जमाव नव्हे. मरिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन, टिंपनी, घंटा, आणि रॉय ब्रूक्सची करवत (हो, सुतारकामाची, गज लावून वाजवलेली). सूर लागणारी वाद्यं असल्यामुळे त्यांची चाल गुणगुणता येते. ग्रेव्ह्ज-सिरिलच्या रेकॉर्डला तो आधार नाही. तालवृंद पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने एम'बूमपासून सुरुवात करावी, नाहीतर तीन मिनिटांत घरचे विचारतील, भांडी कोणी पाडली.

वेताळबांबर्डे_एक्सप्रेस
नकली लाइव्ह ओळखायची युक्ती सांगा कोणीतरी.

डेडवॅक्स
हेडफोन लावा आणि शेवटच्या झांजेचा नाद विरताना ऐका. खऱ्या मुद्रणात टाळ्या त्या नादावर चढतात, आणि ड्रमला जी खोली ऐकू येते तीच टाळ्यांनाही असते. चिकटवलेल्या टाळ्या बहुतेकदा नाद संपल्यावर येतात, दरवेळी तेवढ्याच मोठ्या असतात आणि तेवढ्याच वेळात मावळतात. दुसरी खूण म्हणजे ब्रशवर वाजवलेला हलका भाग. क्लबात त्या वेळी ग्लास, खुर्ची, खोकला काहीतरी ऐकू येणारच. तिथे शंभर टक्के शांतता असेल तर संशय घ्या.

खाडीकाठ
यादी झकास, वाचनखूण साठवली. पण मूळ मोनो की नंतरची?

माचीवरचा
नंतरची. डोळे मिटून.

तिरफळ
डोळे मिटून कशाला? जुन्या छपाईत झांजांची जी धार असते ती पुढच्या आवृत्त्यांत बऱ्याचदा बोथट झालेली असते. मास्टर टेप जुनी होत जाते, आणि कित्येक आवृत्त्या तर नकलेच्या नकलेवरून निघतात. जुनी मिळत असताना सोडू नये.

माचीवरचा
धार मान्य. पण प्रत व्हीजी आहे हे विसरताय. १९६० मध्ये घरोघरी जी यंत्रं होती त्यांची सुई पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाने टेकायची. ड्रमचा जोरदार ठोका म्हणजे खाचेत अचानक मोठं वळण. जड बोथट सुई ते वळण घेताना भिंत खरवडते. वर्षानुवर्षं असं झालं की नेमक्या ठोक्यांच्या जागा झिजतात आणि तिथे झांज 'छन्न' न वाजता 'खर्रर्र' वाजते. धूळ धुतली जाते, झीज धुतली जात नाही. गायकाच्या रेकॉर्डवर हे चालून जाईल, तालाच्या रेकॉर्डवर सगळा मालच त्या ठोक्यांत आहे.

कोकमसार
दोघंही अर्धे बरोबर. जुन्या सुया गोल टोकाच्या होत्या, भिंतीच्या ठरावीक उंचीवर झिजवायच्या. मायक्रोलिनिअर किंवा शिबाटा टोकाची सुई भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकते, त्यामुळे तिला न झिजलेला भागही सापडतो आणि बऱ्याच 'मेल्या' रेकॉर्डी बोलायला लागतात. खाडीकाठ, तुमच्या व्हीएम९५ला सुई बदलायची सोय आहे. ई (लंबगोल) काढून एमएल (मायक्रोलिनिअर) किंवा एसएच (शिबाटा) लावता येते, कार्ट्रिज तेच राहतं. वजन दोन्हींना २ ग्रॅम, मर्यादा १.८ ते २.२. कंपनीच्या हिशोबाने लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास, शिबाटाचं ८००, मायक्रोलिनिअरचं १०००. म्हणजे महाग सुई तासाला स्वस्त पडते.

मोनोसाठी आणखी एक. स्टिरिओ कार्ट्रिजने मोनो रेकॉर्ड लावली की खाचेतली उभी खरखर फुकटात ऐकू येते. ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की ती खरखर एकमेकीला मारते आणि ठोका तसाच राहतो.

सुकाबांगडा
तासाला स्वस्त पडते! हा हिशोब घरात सांगून बघा कोणीतरी आणि निकाल इथे कळवा.

चिरेबंदी
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळणार आहे का? व्हीजी घ्या नाहीतर निअर मिंट, चुकीच्या कपाटात ठेवली तर गणपतीपर्यंत दोन्हींवर बुरशी.

बुरशी विनाइलवर जगत नाही. ती कागदी आतल्या पाकिटावर, पुठ्ठ्याच्या कव्हरवर, बोटांच्या तेलावर आणि धुळीवर जगते, मग तिथून खाचेत पसरते. म्हणून पहिलं काम: जुनी कागदी पाकिटं काढून पॉलिथिनची घाला. आतल्या पाकिटावर काही छापलेलं असेल तर ते वेगळं जपा, रेकॉर्ड त्यात नको.

दुसरं, बाहेरचं प्लास्टिक. बाजारात मिळणारी जाड, मऊ, चकचकीत पीव्हीसीची कव्हरं घेऊ नका. त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ उष्ण दमट हवेत सुटून रेकॉर्डवर धुकट थर धरतो. तो कशाने निघत नाही आणि सतत फुसफुसतो. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिथिन घ्या, थोडं खुळखुळ वाजणारं. तोंड वरच्या बाजूला उघडं ठेवा, म्हणजे आत ओल कोंडणार नाही.

तिसरं, कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. पावसात जांभा पाणी पितो आणि भिंत आतून गार राहते. मागे चार बोटं जागा, खाली निदान वीतभर उंची. एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) फुगतं, तेव्हा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय. फळी मजबूत हवी, फूटभर एलपींचं वजन १६ किलोच्या आसपास भरतं. रेकॉर्डी उभ्या, सैलही नाहीत आणि कोंबलेल्याही नाहीत. कलत्या राहिल्या की वाकतात.

वेताळबांबर्डे_एक्सप्रेस
कपाटात डांबर गोळ्या टाकल्या की झालं. कापूर पण चालेल.

चिरेबंदी
अजिबात नाही! नॅफ्थलीन आणि कापूर दोन्हींची वाफ प्लास्टिकात शिरते. सेल्युलॉइड मऊ करायला कापूरच वापरायचे. बंद कपाटात चार महिने ती वाफ रेकॉर्डांभोवती कशाला कोंडायची? आणि गोळीने ओल एक थेंबही कमी होत नाही. कसर आणि वाळवीसाठी कपाट दर पंधरा दिवसांनी उघडून पाहणं हाच उपाय. वाळवीला जॅझ आवडत नाही, पण पुठ्ठा फार आवडतो.

घुमटवाला
आमच्याकडे कॅमेरावाले कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतात. रेकॉर्डांना चालेल?

माचीवरचा
बल्ब आणि रेकॉर्ड? वाकवायच्या आहेत का?

चिरेबंदी
चालेल, पण हिशोबाने. बल्ब हवेतलं पाणी काढत नाही. हवा तापवतो, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के असेल आणि कपाटात ३२ अंश केलेत, तर आत साधारण ६४ टक्के होतात. बुरशीला रोखायला तेवढं बऱ्यापैकी पुरतं. बल्ब सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर जाळीची फळी, आणि कुठलीही रेकॉर्ड बल्बपासून फूटभर लांब. एलईडी लावून उपयोग नाही, तो पुरेसा तापत नाही. आत आर्द्रतामापक ठेवा. पाच अंशांहून जास्त फरक दिसला तर बल्ब लहान करा. माचीवरचा यांची भीती खोटी नाही, विनाइल उष्णतेला फार लवकर शरण जातं. पार्क केलेल्या गाडीच्या मागच्या काचेखाली एक दुपार पुरते.

बल्बचं बिल नको असेल तर सिलिका जेल, पण घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पेटीत. उघड्या कपाटात टाकलेलं जेल म्हणजे खाडी उपसायला घेतलेली वाटी. रंग बदलणारं नारिंगी घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास, आणि परत तयार. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिलं की झालं.

कोकमसार
एक चांगली बाजूही सांगा की. देशावरच्या कोरड्या थंडीत रेकॉर्ड पाकिटातून काढताना चटचट ठिणग्या उडतात आणि धूळ ओढली जाते. आपल्याकडे पावसात स्थिर विजेचा त्रास जवळपास शून्य.

सुकाबांगडा
म्हणजे धूळ चिकटत नाय, बुरशी चिकटता. बरा झाला.

घुमटवाला
अवांतर: तालवृंदाचं चाललंच आहे तर, गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मडक्याला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. ती संरक्षित प्राणी असल्यामुळे आता बकरीचं लावतात आणि नाद थोडा बदलतो. बारा घुमटं, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळं (झांजा) यांचं श्रोत्यांसमोरचं मुद्रण एलपीवर कोणी काढलं तर डेडवॅक्स यांच्या यादीत पहिलं नाव तेच असेल.

डेडवॅक्स
काढलं तर बाजू १६ ते १८ मिनिटांपेक्षा लांब करू नका म्हणावं. जोरदार तालाला खाच रुंद लागते. पंचवीस मिनिटं कोंबली की आवाज खाली आणावा लागतो आणि सगळी मजा खरखरीत बुडते.

तिरफळ
घुमटवाला, मुद्दा आवडला. गोव्याच्या वादकांशिवाय मुंबईत जॅझ उभाच राहिला नसता, ट्रंपेटवाले चिक चॉकलेट मूळचे हळदोण्याचेच. तालवृंदातही आपला माणूस आहे: मुंबईचा त्रिलोक गुर्टू, पीटर गिगरच्या 'फॅमिली ऑफ पर्कशन'मध्ये होता. त्यांच्या नगारा लेबलच्या एलपी युरोपातल्या विक्रेत्यांकडे दिसतात.

खाडीकाठ
धुण्याबद्दल कोणी नीट सांगेल का? बुरशी आधीच लागलेली असेल तर?

पागोळी
लागलेली असेल तर सगळ्यात आधी: वाजवून बघू नका. सुई ती बुरशी खाचेत घासत नेते आणि स्वतः माखते. अंगणात किंवा ओटीवर जा, मास्क आणि हातमोजे घाला, मऊ ब्रशने कोरडी झाडा. घरात पंख्याखाली झाडलीत तर बाकीच्या रेकॉर्डांना आमंत्रण.

धुण्याचं पाणी एक लिटरच्या हिशोबाने: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के) २०० मिली, आणि फोटो धुण्यासाठी मिळणाऱ्या वेटिंग एजंटचे पाच-सहा थेंब. तो नसेल तर बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्यांच्या द्रवाचे दोन थेंब, पण मग नंतर दुप्पट खळबळवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. डिस्टिल्ड म्हणून बॅटरीवाल्याकडून घेताना सीलबंद बाटली घ्या, कॅनमधलं सुटं नको.

मधल्या लेबलवर साधारण १०० मिलीमीटर व्यासाच्या, रबरी कड असलेल्या दोन चकत्या दाबून धरा. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल, कधीही आडवं नाही. दोन मिनिटं भिजू द्या, ब्रश फिरवा, पाणी फेकून द्या. बुरशी असेल तर हेच पुन्हा नवीन द्रावणाने. मग नुसत्या डिस्टिल्डने दोनदा. लोक हे शेवटचं टाळतात आणि मग म्हणतात धुतल्यावर जास्त फुसफुसतं. ते साबणाचं आहे.

वाळवायला ताटाळ्यात उभी. जुलैत तीन-चार तास धरा. पंख्याचा झोत नको, एसी असेल तर ड्राय मोडवर. ओलसर रेकॉर्ड पाकिटात घातली की पहिल्यापासून सगळं परत.

वेताळबांबर्डे_एक्सप्रेस
आयसोप्रोपिल नसेल तर घरातलं सॅनिटायझर?

पागोळी
नको हो! त्यात ग्लिसरीन असतं, खाचेत चिकट थर बसेल. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्येही कधी कधी तेलकट भर असते. शुद्ध आयसोप्रोपिल प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. आणि ते पेट घेतं, तेव्हा देवघरातली समई विझल्याशिवाय बाटली उघडू नका.

महत्त्वाचं: हे फक्त विनाइलसाठी. आजोबांच्या ७८च्या तबकड्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलने लाख विरघळते. तिथे नुसतं डिस्टिल्ड आणि साबणाचा थेंब, तेही झटपट.

सुकाबांगडा
आणि फेविकॉल? व्हिडिओत दाखवतात, गोंद ओतायचो, वाळलो की सोलायचो.

पागोळी
परदेशातल्या व्हिडिओत हवा कोरडी असते. इथे पावसात गोंद धड वाळत नाही, अर्धा सोलून येतो, अर्धा खाचेत राहतो. मग ती रेकॉर्ड भिंतीवर लावायला छान.

चिरेबंदी
कव्हरच्या डागाबद्दल राहिलं. पुठ्ठा ओला पुसू नका. मेणकट चकाकी असलेल्या कव्हरवर ७० टक्के आयसोप्रोपिलने जेमतेम ओलसर केलेलं कापड एका कोपऱ्यात आधी लावून बघा, शाई उठली तर थांबा. चकाकी नसलेलं कव्हर सिलिका जेलसोबत बंद पेटीत आठवडाभर ठेवा आणि मग कोरड्या ब्रशने झाडा. डाग राहील, वास जाईल. तोवर बाकीच्या रेकॉर्डांशेजारी ठेवू नका.

रातराणी३३
सगळे सुईबद्दल बोलताय, वेगाबद्दल कोणी नाही. तालाच्या रेकॉर्डचा हा खास धोका आहे. गाण्याची रेकॉर्ड हळू फिरली तर सूर उतरलेला लगेच कळतो. नुसत्या ड्रमला पट्टीच नाही, त्यामुळे वेग चुकला तरी कानाला पत्ता लागत नाही. वाटतं, वादकच निवांत वाजवतोय.

अमेरिकेतून आलेली जुनी यंत्रं ६० हर्ट्झच्या विजेसाठी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) असेल आणि पुली बदललेली नसेल तर ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे पडतात. सूर तीन अर्धस्वर खाली, काळी तीन काळी दोनमध्ये. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट केले तरी हर्ट्झ बदलत नाहीत. पुलीच बदलावी लागते.

तपासायला स्ट्रोबची चकती. ५० हर्ट्झसाठी ३३⅓ च्या वर्तुळात १८० रेघा हव्यात. २१६ असतील तर ती चकती ६० हर्ट्झची, तिच्यावर आपलं बरोबर यंत्रही चुकीचं दिसेल. उजेड जुन्या पिवळ्या बल्बचा किंवा चोकच्या ट्यूबचा. बरेच एलईडी दिवे हवे तसे लुकलुकत नाहीत, त्यात रेघा दिसतच नाहीत. रेघा स्थिर तर वेग बरोबर. हळूहळू मागे जाताना दिसल्या तर बेल्ट सैल झालाय, आणि दमट हवेत बेल्ट चिकटतोही. पुली आयसोप्रोपिलने पुसा, बेल्ट नाही.

तिरफळ
+१. आणि दिवे गेले की आधी सुईचा हात उचला, शिव्या नंतर द्या. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवून वाट बघू नका.

रातराणी३३
अगदी. आणखी एक, खारी हवा. हेडशेलच्या (कार्ट्रिज बसतं त्या टोकाच्या) चार तारांची टोकं आणि मागचे, ॲम्पकडे जाणाऱ्या वायरीचे आरसीए प्लग काळे पडतात. एक बाजू कमी ऐकू यायला लागली की लोक कार्ट्रिजला दोष देतात. काढा, पुसा, परत घाला, दर पावसाळ्यानंतर एकदा. कार्ट्रिजचे एम२.५ स्क्रू स्टेनलेस किंवा पितळी घ्या, साधे गंजून अडकतात.

घुमटवाला
माडीवर यंत्र ठेवलंय, चालताना सुई उडते. काय करू?

माचीवरचा
लाकडी तक्तपोशीवर ठेवलंत तर उडणारच. भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावा आणि यंत्र त्यावर. चिऱ्याची भिंत इथे वरदान आहे, जड आणि न हलणारी. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नका. बास ड्रमचा ठोका फळीतून सुईत परत जातो आणि 'हूंऽऽ' सुरू होतं.

कोकमसार
जुळणीचा एक बारकावा. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते, आतल्या शेवटच्या खाचांत फक्त २१. तेवढ्याच झांजा निम्म्याहून कमी जागेत. आणि लाइव्ह कार्यक्रमात सगळे ड्रमर मिळून जो कल्लोळ करतात तो बाजूच्या शेवटी, म्हणजे नेमका तिथेच! प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद) नेहमीच्या बेअरवाल्डऐवजी स्टीव्हनसनची जुळणी करून बघा. शून्यबिंदू (जिथे कोनाची चूक शून्य होते) मध्यापासून ६०.३ आणि ११७.४ मिलीमीटरवर. मधल्या भागात किंचित तोटा, पण शेवटचा कल्लोळ स्वच्छ येतो. कागद छापल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर बऱ्याचदा ९७ टक्क्यांवर छापतो आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

वेताळबांबर्डे_एक्सप्रेस
एवढं सगळं करण्यापेक्षा एकदा संगणकात उतरवून घ्या आणि रेकॉर्ड कपाटात ठेवा.

रातराणी३३
उतरवाच, पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि सर्वात मोठा ठोका −६ डेसिबलच्या खाली. ड्रमच्या रेकॉर्डवर पातळी सुरुवातीच्या भागावरून लावू नका, शेवटचा कल्लोळ वाजवून लावा. आणि आपोआप टकटक काढणारं फिल्टर बंद ठेवा. क्लेव्हचा ठोका, रिमशॉट, वुडब्लॉक, या सगळ्यांची सुरुवात संगणकाला ओरखड्याच्या टकटकीसारखीच दिसते. तो इमानदारीने वादकच पुसून टाकतो. टकटक एकेक शोधून हाताने काढावी लागते. वीस मिनिटांच्या बाजूला अख्खी संध्याकाळ जाते.

खाडीकाठ
थोडक्यात, नंतरची घ्यावी असं दिसतंय. तिरफळ रागावतील.

तिरफळ
रागावत नाही. पण मोनो सोडण्याआधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. एक, व्हीजी नुसतं बघून दिलंय की वाजवून? दोन, प्रत्येक बाजूची शेवटची दोन मिनिटं मोबाइलवर मुद्रित करून पाठवतो का? तिथे झांज फाटली नसेल तर प्रत जिवंत आहे. तीन, डाग फक्त कव्हरला आहे की आतलं पाकीटही चिकटलंय? पाकीट चिकटलं असेल तर खाचेत कागदाचे तंतू बसलेले असतात.

डेडवॅक्स
आणि शेवटच्या खाचेनंतरच्या कोऱ्या पट्टीतले आकडे तिरक्या उजेडात फोटो काढून मागवा. त्यावरून छपाई कधीची ते जुळवता येतं. पुढे ब्लेकीच्या ब्लू नोट मागे लागलात तर तिथे हे आणखी सोपं आहे. १९६६ पर्यंतच्या प्रतींवर त्या पट्टीत कानासारखी एक खूण असते, प्लास्टीलाइट कारखान्याची, आणि जवळ आरव्हीजी (ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं). आरव्हीजी आहे पण कान नाही, तर बहुधा नंतरची छपाई, आणि भावही त्याप्रमाणे.

माचीवरचा
आणि काहीही ठरवलंत तरी आत्ता मागवू नका. पावसात पार्सल दोन दिवस एखाद्या गळक्या पत्र्याखाली पडलं तर निअर मिंटची व्हीजी व्हायला वेळ लागत नाही. विकणाऱ्याला पैसे देऊन ठेवा, दसऱ्यानंतर पाठवायला सांगा. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या पाकिटात, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आणि सगळं प्लास्टिकात बंद. आत ठेवून पाठवली की धक्क्याने कव्हरची शिवण फाटते.

खाडीकाठ
त्याने उत्तर दिलं. व्हीजी नुसतं बघून दिलेलं, वाजवायला यंत्रच नाही म्हणतो. आकड्यांचा फोटो पाठवलाय, पण फ्लॅश मारून, काहीच दिसत नाही. निअर मिंटवाल्याला दसऱ्यानंतर पाठवायला सांगितलं. तोवर बीडब्ल्यूपी प्लायचं कपाट करायला टाकतो.

सुकाबांगडा
कपाट मोठा कर. एक रेकॉर्ड घेऊन कोणी थांबल्याचा ह्या संस्थळावर अजून नोंद नाय.